एका हाकेला एकच मान

लग्नघर असो, बारसं असो नाहीतर नुसता आठवडी बाजार असो, गर्दी दिसली की हौसाआत्या कडेला थांबायची, पदर खोचायची आणि कुणाचं तरी नाव घेऊन खणखणीत हाक मारायची. "सुनीता!" की मंडपातल्या चार-पाच माना एकदम वळायच्या. एखादी तर हातातलं ताट खाली ठेवून उठायचीच. आत्या त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही. माझ्याकडं वळून, ओठ मुडपून म्हणायची, "बघ. ह्यातली माझी यक बी न्हाय." मग दुसरी हाक, अश्विनीला. पुन्हा पाच-सहा माना, पुन्हा तेच समाधान. ज्यांना हाक गेली त्या बायका आपल्याला कुणी बोलावलं म्हणून मंडपभर विचारत फिरायच्या, आणि आम्ही दोघी तोवर पंगतीत जाऊन बसलेल्या असायचो.

"माझी" म्हणजे तिनं नाव ठेवलेली. हौसाआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर आमचं लोणी भापकर, आणि सासर तिकडं इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याकाठी. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं ज्या माणसाबद्दल सांगायचंय तो अजून तिथंच राहतो आणि आता आमच्याकडं जेवायला येतो. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या आत्यानं तो मान सख्ख्या भावापुरता ठेवला नाही. चुलत घरं, मावस घरं, भावकी, सोयरे, जिथं आत्या नव्हती, किंवा होती पण लांब होती, किंवा होती पण भांडून बसली होती, तिथं हिला बोलावणं जायचं. नाही गेलं तर ही आपणहून जायची.

तिचा नियम एकच होता. "एका हाकंला यकच मान वळली पायजे. दोन वळल्या, तर ते नाव न्हाय, ती गर्दी हाय." त्यामुळं तिनं ठेवलेल्या नावांची माणसं बारामती-इंदापूर पट्ट्यात लगेच ओळखू येतात. माझा एक चुलतभाऊ कर्नल. त्याचं भांड्यांचं दुकान आहे, आणि एकदा एक खरेखुरे निवृत्त सुभेदार कुकरची शिट्टी बदलायला आले, ते पाटी वाचून आधी ताठ उभे राहिले. एक मावसबहीण बिजली. तिला पहिलंच स्थळ वायरमनचं आलं आणि तेच जमलं. एक सिमला. ती मोरगावला दिली, जिथं मे महिन्यात शेळ्यासुद्धा सावली सोडत नाहीत. आणि एक मी. माझं नाव टिप्सी.

हसून घ्या. मी थांबते, मला सवय आहे. ज्यांना इंग्रजी येत नाही ते म्हणतात, छान आहे, बाहुलीचं वाटतं. ज्यांना थोडं येतं ते म्हणतात, हे घरचं लाडाचं नाव असेल, खरं नाव काय? ज्यांना नीट येतं ते काहीच म्हणत नाहीत, त्यांना अचानक खोकला येतो.

माझ्या जन्माची गोष्ट आमच्या घरी दोन तऱ्हांनी सांगितली जायची. आई सांगायची ती थोडक्यात असायची. बाळंतपण अवघड होतं, बारामतीच्या दवाखान्यात नेलं, निभावलं. बस्स. आत्याची गोष्ट मात्र थेट फ्रॉकपासून सुरू व्हायची. बारामतीच्या बाजारात तिनं तो घेतला होता. पिवळाधमक, मापाला चांगला मोठा, म्हणजे वर्षभर तरी पुरावा. छातीवर एक बदक होतं. बदकाच्या डोक्यावर तिरकी टोपी, एक पाय वर उचललेला, आणि आजूबाजूला बुडबुडे. आम्ही पुढं कित्येक वर्षं ते साबणाचे बुडबुडे समजत होतो. बदकाच्या खाली इंग्रजी अक्षरं होती. आत्याला मराठीही वाचता येत नव्हतं, तिनं दुकानदाराला विचारलं, हे खाली काय लिवलंय? त्यानं वाचून दाखवलं, टिप्सी. अर्थ तिनं विचारला नाही आणि त्यानंही सांगितला नाही. "बदकाचं नाव आसंल म्हणलं," ती सांगायची.

आईला माझं नाव वैष्णवी ठेवायचं होतं. पण आमच्या आळीत तेव्हा आधीच दोन वैष्णव्या होत्या, त्यामुळं आत्यापुढं ते नाव टिकणारच नव्हतं. आत्या पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र करते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात, ही रीत. माझ्या बारशाला आत्यानं टिप्सी असं सांगितल्याचं आईला शेजारी उभं राहून ऐकू आलं. आई म्हणायची, त्या दिवशी मी घातलेली बुक्की काही रीतीची नव्हती. नंतर तिनं नाव बदलायचा विषय काढला तर आत्यानं तो एका वाक्यात मिटवला. "कानात गेल्यालं नाव म्हंजे काय पाणी हाय व्हय, डोकं तिरकं करून भाईर काढाया?"

मी नववीत असताना इंग्रजीच्या सरांनी वर्गात एक गोष्ट वाचून दाखवली. त्यात एका लग्नात मुलीचा काका थोडा टिप्सी होतो. सर तिथं अडखळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस प्रामाणिक होता, वर्गानं विचारल्यावर त्यानं अर्थ सांगितला. त्यानंतर काय झालं ते सांगत नाही, तुम्हीही कधीतरी नववीत असालच.

घरी येऊन मी दप्तर आपटलं आणि सगळं सांगितलं. वडील गोठ्याची मेढ धरून हसले. इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं आणि म्हैस बुजली. आई एवढंच म्हणाली की मी वैष्णवी म्हणत होते. मग वडिलांचं हसू ओसरलं आणि ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, अक्काला हे कळता कामा नये. तिला शाळा मिळाली नाही, जमीन नवऱ्याची, होडी नवऱ्याची. नाव ठेवणं तेवढं तिचं आहे आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. हे कळलं तर ती पुन्हा कुठल्या पाळण्याशी वाकणार नाही. मी नाव बदलून घेते म्हटलं, तर ते म्हणाले, त्याची पेपरात जाहिरात द्यावी लागते, आणि अक्काला वाचता येत नसलं तरी तिला वाचून दाखवणारे ढीगभर आहेत. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात ही गोष्ट झाकून ठेवली गेली.

मग मी ठरवलं, की ज्या भाषेनं माझी ही गत केली ती पुरती शिकायची. एम.ए. केलं आणि इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. पहिल्या दिवशी फळ्यावर नाव लिहिते आणि अर्थ मीच सांगून टाकते, म्हणजे खोकला कुणाला येत नाही. सांगते की बाळांनो, दारूला पायऱ्या असतात. आपल्याकडं आधी लागते, मग चढते, मग माणूस झिंगतो, मग तर्र होतो, मग टल्ली, मग टाईट, आणि शेवटी आडवा. टाईट हा शब्द मुळात इंग्रजांचा, पण आपण तो इतका वापरला की आता तो आपलाच झाला. टिप्सी म्हणजे यातलं काहीच नव्हे. टिप्सी ही लागण्याच्या आणि चढण्याच्या मधली जागा. माणूस उभा असतो, बोलतो ते कळतं, फक्त जमीन थोडी मऊ झालेली असते आणि हसायला कारण लागत नाही. मग शब्द वाक्यात वापरून दाखवा म्हणते. एकानं लिहिलं, 'माय मॅडम इज टिप्सी'. वाक्यात चूक एकच होती, नावाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं राहिलं होतं. मार्क द्यावे लागले.

इंदापूरला मी खोली घेतल्यावर आत्याला मोकळं रानच मिळालं. बाजाराच्या दिवशी ती डब्यात चिलापी मासे तळून घेऊन यायची आणि थेट कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून हाक मारायची, "टिप्सी!" मैदानावर ही एवढी पोरं असायची. त्यांत मान एकच वळायची, माझी. आत्या फाटकावरच्या शिपायाकडं असं बघायची, की बघितलंत ना? तो बिचारा मान डोलवायचा. त्याला अर्थ माहीत होता, पण मी त्याला शपथ घातली होती.

आता त्या जेवायला येणाऱ्या माणसाकडं येते. आत्याच्या गावात पाण्याकडं जाणाऱ्या वाटेवरच देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं. ते बबनरावांचं. बबनराव स्वतः थेंबाला शिवायचे नाहीत आणि दुकान म्हणजे दुकान, त्यात काय, असं म्हणायचे. बायका धुणं घेऊन जायच्या त्या वाटेवर गडी लोळत पडलेले असायचे. एकदा एक गडी टाईट होऊन मामांच्या, म्हणजे आत्याच्या मालकांच्या, होडीत जाऊन झोपला. होडीचा दोर सुटला. उजाडल्यावर त्याला जाग आली तर चारी बाजूंनी पाणी. तो तिथून बोंबलत होता की गाव कुणी नेलं, आणि गाव काठावर उभं राहून पोट धरून हसत होतं. आत्याही हसली.

पुढच्याच पावसाळ्यात शेजारच्या पारूचा नवरा दुकानातून निघाला आणि घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो पाण्यात सापडला. पारू येऊन आत्याच्या उंबऱ्यावर बसली. दिवस मावळला तरी उठली नाही. नंतर आत्या मला म्हणाली, "त्या होडीतल्याला मी का हसले गं?"  तिथून ती जी उठली ती दुकान बंद करायचंच म्हणून.

दुकान बंद करायचं तर गावातल्या बायकांचं मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मतदारयादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान जातं. म्हणजे जी बाई घरी बसली ती उभ्या बाटलीकडंच धरली जाते. आत्यानं आधी अर्जावर सह्या गोळा केल्या, मग पारूला बरोबर घेऊन घरोघर फिरली, आणि शनिवार-रविवारी मला बोलावून घेतलं. प्रत्येक घरात अडचण एकच यायची. म्हाताऱ्या म्हणायच्या, आडवी म्हंजे प्यालेली का? आडवा तर प्यालेला पडतो. मग उभीलाच शिक्का मारायचा ना? आत्या शांतपणे सांगायची, "उभी म्हंजे भरल्याली. आडवी म्हंजे सांडल्याली. आपल्याला सांडायची हाय."

आणि मग माझ्याकडं बोट करून म्हणायची, "ही माझी टिप्सी. कालिजात इंग्रजी शिकवती." बायका कौतुकानं बघायच्या आणि माझ्या पाठीवरून घामाची धार लागायची. दोन आठवड्यांत गावभर मी टिप्सीताई झाले. प्रभात फेरी निघाली तेव्हा पोरींनी घोषणा रचली, टिप्सीताई आल्या, बाटली आडवी करून गेल्या. दारूबंदीच्या फेरीत पुढं टिप्सी आणि मागं गाव, असं जगात दुसरीकडं कुठं झालं असेल तर मला कळवा. मी मान खाली घालून चालत होते आणि आत्या मला म्हणत होती, मान वर कर, तुझंच नाव घेत्यात.

बबनरावांचा जावई पुण्याला नोकरीला होता, तो त्याच दिवशी सासुरवाडीला आला होता. ओट्यावर चहा पीत असताना त्यानं घोषणा ऐकली आणि चहा नाकातून बाहेर आला. त्याला काय झालं ते बबनरावांनी विचारलं. अशा रीतीनं आमच्या घरानं एवढी वर्षं झाकलेलं एका कपात उघडं पडलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी देवळापुढं बायकांची सभा होती. आत्याचं बोलणं संपलं, आणि बबनराव पुढं आले. म्हणाले, मलाबी दोन शब्द बोलू द्या, दुकान माझं हाय. आत्या म्हणाली, बोला की. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि मोबाइलवरचा अर्थ सावकाश वाचला. "टिप्सी. म्हंजे थोडी दारू प्यालेली." मग मोबाइल खिशात ठेवून म्हणाले, "वहिनी, सख्ख्या भाचीचं नाव तुमी प्यालेली ठिवलं, आन आमची बाटली आडवी करताय व्हय?"

 मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू पुढं पुढं सरकत आलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, गोष्ट हसण्यासारखीच होती. पण बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, दोघी-तिघी उठून पदर झटकायला लागल्या, आणि मला दिसत होतं की ही सभा जर अशी हसत घरी गेली तर उद्या निम्म्या घरीच बसतील. पारू आत्याच्या शेजारी बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. "खरं हाय का गं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"किती प्यालेली?"

असा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं कधी विचारला नव्हता. माइक माझ्या हातात दिला गेला आणि मी, भरल्या देवळापुढं, इंग्रजीचा तास घेतला. सांगितलं की थोडीच. आडवी नाही, टाईट नाही. उभी असते, पण पाऊल इकडं टाकलं तर तिकडं पडतं. समोरचा रस्ता मऊ वाटतो. हसू येतं आणि का येतं ते सांगता येत नाही. आत्या एकेक शब्द ऐकत होती, ओठ किंचित हलत होते, जणू ती कुठंतरी जाऊन काहीतरी ताडून पाहत होती. मग तिनं विचारलं, "न पिता हुतं का तसं?"

मी म्हटलं, होतं. इंग्रजीत आनंदानंही माणूस टिप्सी होतो.

आत्यानं माइक माझ्या हातातून काढून घेतला.

"मंग ऐका," ती म्हणाली. "ही झाली त्या दिशी सांगावा आला, बारामतीला या, दोघीतली यक तरी वाचंल का न्हाय सांगता येत न्हाय. मी इंदापुरातनं यष्टीत बसले ती पदर तोंडात कोंबून. मनाची समदी तयारी करून गेले हुते. दवाखान्यात जाऊन बघते, तर माझी भावजय डोळं उघडून बघतीया, आन ही बाजूला बोंबलतीया. दोघी बी हुत्या." तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला. "मी भाईर आले. बाजारात मला रस्ता दिसंना. ह्याला धक्का, त्याला धक्का. हसत बी हुते आन रडत बी हुते. यक बाई म्हणली, हिनं घेतलीया जणू. तितं दुकानात त्यो फ्राक टांगल्याला. बदकाची टोपी तिरकी, यक पाय हिकडं, यक तिकडं. म्हणलं, आगं, ही तर माझीच चाल. म्हणून घेतला. खाली जे लिवलं हुतं तेच नाव ठिवलं."

मग ती बबनरावांकडं वळली. आवाज जराही चढला नव्हता.

"नाव बरोबर हाय माझं, बबनराव. फरक यवढाच हाय. तुमची चढली की माणूस घर इसरतो. माझी चढली तवा मी घरी फ्राक घिऊन गेले."

सगळ्यात आधी पारू हसली. नवरा गेल्यापासून तिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तिला रडू आलं, आणि मग अख्खं देऊळच हसत आणि डोळे पुसत बसलं. मला आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. तिची गोष्ट निभावलं या शब्दाशी संपायची. आत्याच्या गळ्यात पडून मीही जे काही हसले-रडले ते माइक मध्येच असल्यामुळं पलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं.  बबनराव चष्मा काढून घडी घालत उभे राहिले आणि मग आपले आपण निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बायकांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. ज्या कधी कुठल्या निवडणुकीला गेल्या नव्हत्या त्याही आल्या, एकीला तर सुनांनी खुर्चीसकट उचलून आणलं. बाटली आडवी झाली. निकाल सांगायला आलेल्या साहेबांनी आंदोलनाच्या प्रमुख कोण म्हणून विचारलं, तर आत्यानं मला पुढं ढकललं आणि नाव सांगितलं. साहेबांना खोकला आला.

बबनराव वर्षभर आमच्या कुणाशी बोलले नाहीत. मग एक दिवस आत्याच्या ओट्यावर येऊन बसले. हायवेला मासे थाळीचं हॉटेल टाकतोय म्हणाले, सगळं झालंय, नाव सुचत नाही. आत्यानं क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, टिप्सी. त्यांना वाटलं वहिनी सूड उगवताहेत. आत्या म्हणाली, तसं न्हाय, आख्ख्या हायवेला दुसरं हाय का कुठं हे नाव? तेव्हा आता तिथं पाटी आहे, हॉटेल टिप्सी, आणि तिच्याखाली दुसरी, येथे दारू पिण्यास सक्त मनाई आहे. पुण्याकडच्या गाड्या पहिली पाटी वाचून वळतात आणि दुसरी वाचून गोंधळतात. पण तोवर चिलापीचा वास नाकात गेलेला असतो, त्यामुळं बसतात. पाटीवर बदक काढायचा हट्टही आत्याचाच. ते मात्र पुसावं लागलं, गिऱ्हाईक बदकाचं मटण मागायला लागलं.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. बारशाला हौसाआत्या सकाळपासून माझ्या मागं होती, काय ठेवणार, काय ठेवणार, म्हणून. मी काही सांगितलं नाही. मी पाळण्यात वाकले, ही बरोबर माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि कान पुढं केला. मी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हटलं, हौसा.

पाठीत जी बुक्की बसली ती मला आठवडाभर जाणवत होती. "आगं, आता दोन माना वळत्याल की," ती म्हणाली. मी म्हटलं, वळू देत. नियम मोडला, नियम मोडला, असं ती जेवणाच्या पानावरही पुटपुटत होती. पण पाणी वाढायला उठली ती वाट चुकून गोठ्यात गेली, तिथून हसत परत आली, आणि ज्यांनी पाणी मागितलं नव्हतं त्यांच्या पेल्यात ओतत सुटली. वडील मला हळूच म्हणाले, बघ, बदक.

मग काही महिने घरात कुणी हौसा म्हटलं की पाळण्यातली हौसा तोंडातलं बोट काढायची आणि मोठी हौसा मान वळवायची. कधीकधी मोठी मुद्दाम वळायची नाही. मला न्हाय, तिला हाक मारलीया, म्हणून तांदूळ निवडत बसायची. गालात हसत असायची ते लपायचं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं, पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं जुनं देऊळ उघडं पडलं, आणि साध्या तापाचं निमित्त होऊन आत्या गेली. बबनरावांनी हॉटेल बंद ठेवलं आणि ओट्यावर बसून सगळ्यांत जास्त तेच रडले. पारूनं त्यांना पाणी दिलं.

परवा भावाच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला. लोणी भापकरला आमच्या दारात मांडव घातला होता. कर्नल, बिजली, सिमला, सगळे आले होते, शेजारपाजारही जमला होता. मी मांडवाच्या कडेला थांबले, ओढणी खोचली आणि खणखणीत हाक मारली, "हौसा!"

सवयीनं मी दोन माना वळायची वाट पाहिली. एकच वळली. पिवळ्या फ्रॉकातली, नुकतीच चालायला लागलेली हौसा, एक पाय इकडं, एक तिकडं टाकत, ह्याला धक्का, त्याला धक्का देत, हसत हसत माझ्याकडं आली.